आजीची पेटी आणि चुकलेलं कापड: आपल्या घरातल्या भरतकामाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेलं अडखळणं आणि मागून येणारा आमच्या बोटींचा आवाज काढून टाकलाय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय? विषय आहे भरतकाम. म्हणजे सुई, दोरा, रिंग, उशीचे अभ्रे. पण मी टाक्यांबद्दल फार बोलणार नाहीये. मी बोलणार आहे टाक्याच्या खाली जे असतं त्याबद्दल. कापड. आणि ते कापड घरातल्या कुठल्या वस्तूसाठी निवडलं जायचं त्याबद्दल.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. आम्ही मढचे. लग्नात रुखवत मांडायचं होतं, आणि मी उत्साहात सांगून बसलो की एक फ्रेम मी करतो, क्रॉस स्टिचची, बोटीचं चित्र. लॉकडाऊनमध्ये मी मोबाईलवर बघून क्रॉस स्टिच शिकलो होतो. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला चौकटी भरायला बरं वाटतं. बोटीचा ८४ बाय ५६ घरांचा चार्ट मिळाला. कापड ऑनलाइन मागवलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, फोटोत मस्त दिसणारं.

दीड महिना रोज रात्री बसलो. धागे मोजताच येत नव्हते, म्हणून पेन्सिलनं घरं आखली. रिंग काढली की कापड गोळा व्हायचं. म्हटलं, इस्त्री केल्यावर बसेल. इस्त्री फिरवली आणि एका कोपऱ्यात कापड चकाकलं, मग आक्रसलं. बोटीचं नाळेकडचं टोक वाकडं झालं ते कायमचंच.

आजीला दाखवलं. तिला आता नीट दिसत नाही. तिनं कापड डोळ्यांजवळ नेलंच नाही. दोन बोटांत धरलं, चुरगळलं, कडेचा एक धागा ओढून बघितला आणि म्हणाली, "आरं पोरा, कापड चुकला का सगला चुकला." मग विचारलं, "आधी पाण्यात घातलेलास का?" मी नाही म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, पेटी काढ.

ही पेटी म्हणजे पत्र्याची जुनी ट्रंक. आमचं घर वाढवायचं काम निघालंय, आणि आईनं टाकून द्यायच्या सामानाच्या यादीत ही ट्रंक घातली होती. आतले कपडे जुने, डागाळलेले, ठेवायचे कुठे? आईचंही चूक नव्हतं. मढच्या घरात जागा किती असते ते इथल्यांना माहीत आहे.

त्या दिवशी पेटीतून तीन गोष्टी निघाल्या: एक गोधडी, मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिच केलेले दोन अभ्रे आणि टेरिकॉटचा एक टेबलक्लॉथ. तीन कापडं आणि तीन काळ. आजचा एपिसोड याच क्रमानं जाणार आहे.

पहिली गोष्ट: गोधडी

गोधडीला आपण भरतकाम म्हणत नाही. पण ती हातानंच शिवलेली असते, आणि तिचा मुख्य टाका असतो धावदोरा, सगळ्यात साधा. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात. बंगालमध्ये याच विचारातून कांथा आली. जुनी कापडं एकावर एक ठेवायची आणि धावदोऱ्यानं बांधायची.

इथे कापडाची निवड कशी व्हायची बघा. नवं कापड नाही, जुनंच घ्यायचं. गरिबी हे कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर सुती कापड. दहा-बारा वर्षं नेसून, धुऊन, पिळून त्यातली खळ निघून गेलेली असते. जेवढं आटायचं तेवढं ते आटून झालेलं असतं. रंग जेवढा जायचा तेवढा गेलेला असतो. धागा मऊ झालेला असतो, त्यामुळे तीन-चार थर एकत्र धरले तरी सुई सहज जाते. नवं आणि जुनं कापड एकत्र शिवलं तर पहिल्याच धुण्यात नवं आटतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. म्हणजे आजी ज्या कसोट्या बोटांनी लावत होती, त्या सगळ्या लुगड्यानं अंगावर असतानाच पार केलेल्या असायच्या.

आमच्या गोधडीच्या मधल्या थरात आजीच्या सासूचं लुगडं आहे. वरून दिसत नाही. एका कोपऱ्यात शिवण उसवलीय, तिथून हिरवा काठ डोकावतो. त्या बाईचा आमच्याकडे फोटो नाही. तिच्या अंगाला लागलेली आमच्याकडची एवढी एकच वस्तू.

गोधडी ही इतकी सामान्य वस्तू होती की गाडगे महाराजांना लोक 'गोधडे महाराज' म्हणायचे, कारण ते तसलंच ठिगळांचं वस्त्र पांघरून फिरायचे. आणि इतकी सामान्य गोष्ट इतिहासात कोण लिहून ठेवणार?

महाराष्ट्रात याच्या दुसऱ्या टोकाला बंजारा बायकांचं काम आहे. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातल्या तांड्यांवर आजही दिसतं. तिथे आरसे, कवड्या, लोकरीचे गोंडे, नाणी लावलेली असतात. आता विचार करा, एवढं वजन मलमलीवर लावलं तर काय होईल? फाटेल. म्हणून खाली जाडंभरडं सुती कापड, बऱ्याचदा दुहेरी. आणि ते कशावर लावायचं? फेटिया म्हणजे घागरा, कांचळी, पिशव्या, पाण्याची घागर डोक्यावर घेताना ठेवायची इंडोणी. बैलांवर माल लादून गावोगाव फिरणारा हा समाज. त्यांच्याकडे टेबल नव्हतं, म्हणून टेबलक्लॉथही नव्हता. जे अंगावर आणि डोक्यावर घेऊन चालायचं, त्यावरच भरतकाम.

हा मुद्दा लक्षात ठेवा. घरात जी वस्तू आहे, तिच्यावरच सुई चालते. भरतकामाच्या वस्तूंची यादी केली की त्या घराची यादी आपोआप होते.

मोजून काढायचे टाके

अभ्र्यांकडे यायच्या आधी थोडं दक्षिणेला, बेळगाव-धारवाडकडे जाऊ. क्रॉस स्टिच ही परदेशी गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. पण धागे मोजून भरण्याची पद्धत आपल्या शेजारी कितीतरी आधीपासून आहे. कसूती. कन्नडमध्ये 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात.

कोल्हापूर, सोलापूर, बेळगावच्या मराठी घरांत इरकल साडी असतेच. इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची. या साड्यांवर, विशेषतः काळ्या चंद्रकळेवर, कसूतीचं काम व्हायचं. तिचे चार टाके आहेत: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. त्यातून तुळशी वृंदावन, गोपुर, रथ, पाळणा, हत्ती, मोर काढतात. गवंती आणि मुरगी नीट केली तर कापडाची पुढची आणि मागची बाजू सारखीच दिसते.

यात छाप नाही, पेन्सिल नाही. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, मोजायचे आणि सुई घालायची. आपल्या भाषेत सांगायचं तर कापड हीच ग्रीड. कोऑर्डिनेट्स सगळे पूर्णांकात. एक धागा मोजायला चुकलात तर रथाचं चाक शेवटी जुळत नाही, आणि चूक कुठे झाली ते शोधत मागे जावं लागतं. हे काम रोज करणाऱ्यांना मी 'डीबगिंग' हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

पण हे सगळं कधी शक्य आहे? कापडाचे उभे-आडवे धागे वेगळे दिसत असतील आणि त्यांची जाडी सारखी असेल तरच. हातमागाच्या सुती कापडात ते मिळायचं. आता लोकांना कसूती रेशमावर, क्रेपवर हवी असते. तिथे धागे मोजता येत नाहीत. मग वर जाळीचं कापड टाचतात, त्याची घरं मोजून भरतात, आणि शेवटी जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. काम वाढलं, कारण कापड बदललं.

माझी बोट का बुडाली ते इथे मला कळलं. मी मोजायचं काम न मोजता येणाऱ्या कापडावर करत होतो.

दुसरी गोष्ट: मॅटीचे अभ्रे

आता आजीचे अभ्रे. जाडसर, चौकटी स्पष्ट दिसणारं पांढरं कापड, त्यावर लाल गुलाब आणि हिरवी पानं. एका अभ्र्यावर दोन पोपट. हे डिझाइन तुम्ही पाहिलंय. मी मढमध्ये पाहिलं, माझ्या कॉलेजच्या मित्राच्या घरी साताऱ्यात पाहिलं, आणि कदाचित तुमच्याही घरी असेल. ते सगळीकडे सारखंच कसं?

उत्तर युरोपात आहे. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर रंगीत नमुने छापून विकायला सुरुवात झाली. एक घर म्हणजे एक टाका. चित्र येत नसलेल्या माणसालाही आता गुलाब काढता येऊ लागला. त्याच शतकाच्या अखेरीस झ्वायगार्ट या जर्मन कंपनीनं खास मोजून भरण्यासाठी 'आयडा' नावाचं कापड आणलं, ज्यात धाग्यांचे गट करून स्पष्ट चौकटी विणलेल्या असतात. आपलं मॅटी त्याच कामाला येणारं, थोडं जाड आणि स्वस्त.

ही पद्धत आपल्याकडे मुख्यतः शाळांमधून रुजली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे त्यांनी मुंबईत आणि अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या अशा शाळांत वाचन-लेखनासोबत शिवण आणि भरतकाम असायचं. मुलगी शाळेत जाऊन काय करणार, असं विचारणाऱ्या घरांना दाखवायला ते बरं पडायचं. पाटीवरची अक्षरं नाही समजली तरी भरलेला रुमाल सगळ्यांना समजतो.

नंतर आपल्याच सुधारकांनी याला कमाईशी जोडलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. विधवा किंवा टाकलेल्या बाईला चार पैसे मिळावेत म्हणून तिथे शिवण आणि भरतकाम शिकवलं जायचं. इथे कापडाची निवड बदलते. स्वतःसाठी भरताना आपल्याला काय आवडतं ते बघायचं. विकायचं असेल तर घेणाऱ्याच्या घरात कुठली वस्तू आहे ते बघायचं.

आणि घेणाऱ्यांच्या घरात तेव्हा नव्या वस्तू येत होत्या. टेबल आलं, म्हणून टेबलक्लॉथ. किटली आली, तर तिला ऊब देणारी टीकोझी. खुर्ची आली, तर खुर्चीच्या पाठीवर टाकायचं कापड. या कापडाची गोष्ट भारी आहे. इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मकासर नावाचं तेल लावायचे, त्याचे डाग खुर्चीला पडू नयेत म्हणून हे कापड आलं, आणि त्याचं इंग्रजी नावच 'अँटिमकासर'. आपल्याकडे तेल खोबऱ्याचं, पण डाग तोच.

पुढे रेडिओ आला, त्यावर भरलेलं कापड आलं. मग टीव्ही, मग फ्रिज, मग मिक्सर. माझ्या लहानपणी आमच्या टीव्हीला झालरीचं कव्हर होतं. कर्ज काढून किंवा भिशी लावून आणलेली वस्तू, तिला धूळ लागू द्यायची नाही. घरात ज्या वस्तूची सगळ्यात जास्त काळजी, तिच्यावर भरतकाम. मोबाईलचं कव्हर आपण निवडतो ते काय वेगळं आहे?

हे कापड यायचं कुठून?

मुंबईत याचं उत्तर एका शब्दात: गिरणी. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झालं. पुढच्या शंभर वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. भरणाऱ्या बाईच्या हातात आता वेगवेगळी कापडं आली, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

मांजरपाट म्हणजे न धुतलेलं, पिवळसर, भरड सुती कापड. स्वस्त, सरावाला उत्तम, पण आधी भिजवून आटवायलाच हवं. पॉपलिन दाट आणि गुळगुळीत. त्यावर मोजता येत नाही, पण छाप छान उठतो. छापायची जुनी युक्ती अशी: पातळ कागदावर चित्र काढायचं, रेषेवर टाचणीनं भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवायची. रॉकेल उडून जातं आणि निळे ठिपके राहतात. मग त्यावर साखळी टाका, भरीव टाका, जे हवं ते. केसमेंट जाडसर, पडद्यांना आणि टेबलक्लॉथला. दुसूती म्हणजे दोन-दोन धाग्यांनी विणलेलं कापड, मोजायला सोपं. मॅटी क्रॉस स्टिचला. मलमल बाळाच्या झबल्याला आणि कुंचीला.

आजीच्या मॅटीचं कापड असंच आलं. तिच्या आत्याचा नवरा परळला गिरणीत होता. तो येताना कटपीस आणायचा. आजीची शाळा चौथीपर्यंत, आणि शिवणाच्या तासाला बाईंनी जे गुलाब-पोपट शिकवले तेच तिनं लग्नाआधी भरले. बाकी दिवस ती आईबरोबर मासळीची टोपली घेऊन फिरायची. मी विचारलं, "आजी, पोपटच का? मासा का नाही?" ती म्हणाली, "मासा रोज बघायचा. पोपट कुठं बघणार?"

कापडाची निवड नेहमी बाईच्याच हातात होती असंही नाही. ३१ जुलै १९२१ ला परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची मोठी होळी झाली. त्यानंतर अनेक घरांनी खादी घेतली. हातानं कातलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक. त्यावर मोजून भरायला गेलं की गुलाब एका बाजूला फुगतो. खादीवर मोकळ्या हाताचं, छापून केलेलं काम जास्त खुलतं. मग दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये सरकारनं सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. अंगावर घालायलाच कापड मिळत नसेल तर टेबलावर काय टाकणार? अशा वेळी बाई परत जुन्या कापडाकडे, म्हणजे गोधडीकडे वळते.

बरं, हा इतिहास लिहिलेला नाही असं नाही. कमला डोंगरकेरी यांचं भारतीय भरतकामावरचं इंग्रजी पुस्तक १९५१ मध्ये मुंबईतूनच आलं. पण अशा पुस्तकांत भर असतो तो फुलकारी, चिकन, कांथा, कसूती या नाव असलेल्या शैलींवर. मॅटीवरच्या पोपटाला नाव नाही, गाव नाही. तो फक्त घराघरातल्या पेट्यांमध्ये आहे.

तिसरी गोष्ट: टेरिकॉटचा टेबलक्लॉथ

१९६० च्या दशकात टेरीन आलं. पॉलिस्टर. मग सूत आणि पॉलिस्टर मिसळून टेरिकॉट. सुरकुती पडत नाही, पटकन वाळतं, रंग जात नाही. मढच्या पावसाळ्यात, जिथे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे हे म्हणजे चमत्कारच. त्याच सुमारास आमच्या किनाऱ्यावर सुती जाळ्यांची जागा नायलॉनची जाळी घेत होती. माझे आजोबा जाळं स्वतः शिवायचे, त्यामुळे आमच्या घरात पुरुषाच्या हातात सुई ही नवीन गोष्ट नाही. सुती जाळं वाळवावं लागायचं, नाहीतर कुजायचं. नायलॉननं तो त्रास संपवला.

पण भरतकामात हिशोब उलटा झाला. टेरिकॉटवरचा आजीचा टेबलक्लॉथ आज पन्नासेक वर्षांनीही पांढरा आहे, आणि प्रत्येक फुलाभोवती कापड चुण्या पडून गोळा झालंय. सुती दोरा धुतल्यावर थोडा आटला, कापड आटलं नाही. मी जी चूक केली तीच आजीनं माझ्याआधी केली होती! विचारल्यावर म्हणाली, तेव्हा टेरिकॉट महाग होतं, पाहुण्यांना दाखवायचं होतं.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. अनेकांना काम परत मिळालंच नाही. आमच्या घरापुरता त्याचा एक छोटासा परिणाम सांगतो: कटपीस यायचा बंद झाला. पेटीत त्यानंतरचं एकही भरलेलं कापड नाही. आईच्या वेळेला रुखवतात विकतच्या वस्तू आल्या होत्या. मला आधी वाटायचं की आईला आवड नव्हती. आवड वगैरे नंतरची गोष्ट, आधी कापड तरी यायला हवं ना.

आता तुमच्या कामाचं

ज्यांना खरंच काही भरायचं आहे त्यांच्यासाठी आजीचे नियम, माझ्या गणितासकट.

सगळ्यात आधी वस्तू ठरवा. रोज धुतली जाणार का? अंगाला लागणार का? बाळाचं दुपटं असेल तर जुनी मऊ मलमल, मणी नाहीत, मागे गाठी नाहीत. हात पुसायचा रुमाल असेल तर भरतकाम फक्त कोपऱ्यात, कारण भरलेला भाग पाणी नीट शोषत नाही. उशीचा अभ्रा असेल तर मधोमध भरू नका. गालावर गुलाब उमटतो, मी अनुभवलंय. आजीचे पोपट कडेला का आहेत ते मला तेव्हा कळलं.

मग कापड ओळखा. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. घरातल्या मोठ्यांना सांगून, सिंकजवळ करा.

मोजायचं काम असेल तर कापडावर पट्टी ठेवून मोबाईलनं फोटो काढा आणि झूम करा. एका इंचात किती घरं आहेत ते मोजा. माझा चार्ट ८४ बाय ५६ घरांचा. इंचाला १४ घरं असतील तर चित्र ६ बाय ४ इंच होतं. ११ घरांच्या जाड कापडावर तेच ७.६ बाय ५.१ होतं, आणि १८ घरांच्या बारीक कापडावर ४.७ बाय ३.१. चारही बाजूंना ३ इंच जागा सोडा, म्हणजे १४ घरांसाठी १२ बाय १० इंचांचा तुकडा लागेल. लडीतला दोरा सहा पदरी असतो. १४ घरांच्या कापडाला त्यातले दोन पदर पुरतात, जाड मॅटीला तीन.

कापड आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा. लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग सुटतो का बघा.

आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी खास: काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवू नका. खाऱ्या हवेत तिला गंज चढतो आणि तो डाग जात नाही. रिंगही काढून ठेवा. पावसाळ्याआधी पेटी एकदा उन्हात उघडा.

शेवटी काय झालं?

लग्नाला तीन आठवडे उरले होते. नवं मॅटी आणून पूर्ण बोट भरणं शक्य नव्हतं. मी चार्ट छोटा केला, फक्त बोट आणि शीड, आणि १४ घरांच्या सुती कापडावर बारा रात्रींत भरली. रुखवतात ती ठेवली. शेजारी आजीचे दोन अभ्रे ठेवले, धुऊन, इस्त्री करून. एक पिवळट डाग होता तो तसाच राहिला. लोक बोटीपेक्षा पोपटांपाशी जास्त थांबत होते. दोन-तीन आज्या म्हणाल्या, "आमच्याकडं पण हेच व्हते." व्हते म्हणजे, आता नाहीत.

पेटी अजून घरात आहे. आईनंच ती यादीतून काढली, मी काही बोलायच्या आधी. गोधडीची उसवलेली शिवण मी धावदोऱ्यानं बंद केली, पण हिरवा काठ दिसेल एवढी जागा सोडून.

तर तुम्हाला एकच काम सांगतो. या रविवारी घरातली पेटी किंवा कपाटाचा वरचा कप्पा उघडा. भरलेलं काही सापडलं तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण मागच्या बाजूच्या गाठी पाहिल्या की हात नवशिक्याचा होता की सरावाचा ते कळतं. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला तीन प्रश्न विचारा: हे कुणी भरलं, कापड कुठून आणलं आणि कशासाठी भरलं? उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि फाइलला त्या बाईचं नाव द्या. माझ्या आजीच्या सासूचं लुगडं आमच्याकडे आहे, पण तिचं माहेरचं नाव सांगू शकेल असं आता कुणीच उरलेलं नाही. तेवढं तुमच्याकडे होऊ देऊ नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.